आप्पांच्या मानेची शिर ७५ टक्के बंद, प्लेटलेट २ लाख १० हजार ‘नॉर्मल’. मग प्लेटलेटच्या गोळ्या कशाला?

उद्यमबाग_लेथ | मंगळवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

आमचे आप्पा, वय ६७. जन्म बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाऊंड्रीत मोल्डिंग करण्यात गेला, आता येळ्ळूरला दोन एकर भातात रमतात. बिडी पोरवयापासून. पाच वर्षांपूर्वी सोडली म्हणतात, पण गोठ्यामागनं अधूनमधून वास येतो. प्रेशरची गोळी चालू, शुगर काठावर.

गेल्या सोमवारी रोप लावणी चालू होती. आप्पा बांधावर टेकले होते, एकदम म्हणाले, “डाव्या डोळ्यापुढं कुणीतरी पडदा सोडलाय बघ, वरनं खाली.” पाच-सात मिनिटांत पडदा उठला. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथं मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून थेंब दिले आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं.

रविवारी सकाळी चहाचा कप उजव्या हातातनं सुटला. आईला हाक मारायला गेले तर तोंडातनं नुसतं “ब... ब...”. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. “रात्री हातावर झोपलो होतो,” म्हणे. यावेळी मी ऐकलं नाही, उचलून गाडीत घातलं.

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला तीन बारीक ठिपके. मानेच्या डॉपलरमध्ये (शिरेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) डावी शिर ७५ टक्के बंद, उजवी ४०. हृदयाची इको आणि ठोके ठीक. आज घरी सोडलं. ऍस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी दिलीय आणि पुढच्या गुरुवारी मानेचं ऑपरेशन करा म्हणालेत.

डोक्यात तीन किडे वळवळतायत.

प्लेटलेट २ लाख १० हजार आहेत. डॉक्टर म्हणाले, “काउंट नॉर्मल आहे, पण प्लेटलेट ऍक्टिव्ह झाल्यात, त्यांना शांत करायचंय.” हे काय प्रकरण? गेल्या वर्षी भाच्याला डेंग्यू झाला, २८ हजारावर आल्या तेव्हा सगळं घर धावत होतं. आमच्या डोक्यात गणित साधं: प्लेटलेट कमी म्हणजे वाईट. आता त्यांनाच औषधानं झोपवायचं?

कंग्राळीचे भाऊजी पपईच्या पानांचा रस घेऊन आलेत. द्यावा का?

आणि आत्या म्हणते, “बऱ्या झालेल्या माणसाच्या गळ्याला सुरी लावू नका.” माणूस आज शेतावर जायचं म्हणतोय. ऑपरेशन खरंच लागतं का?

खडेबाजार_पोर | मंगळवार, रात्री ९:५८

वाचतोय. आप्पांना आराम पडो.

मिरज_ओपीडी | मंगळवार, रात्री ११:१५

मी मेंदूविकाराचा डॉक्टर आहे, आजोळ बेडकिहाळचं, म्हणून या कट्ट्यावर. तुमच्या पेशंटला मी तपासलेलं नाही, तेव्हा जे लिहितो ते समजून घेण्यापुरतं. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

आधी ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एक दिवसही चुकवू नका. मग पुढचं वाचा.

कंठमण्याच्या वरच्या कडेजवळ मानेतली मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते. एक फाटा चेहऱ्याला जातो, एक मेंदूला. नदीच्या वळणावर गाळ साचतो तसा या फाट्याच्या कडेला प्रवाह मंदावतो, भोवरे होतात आणि तिथंच वीस-तीस वर्षं चरबी, चुना, मेलेल्या पेशी यांचा थर बसत जातो. वरती एक पातळ साय धरलेली असते.

लोकांना वाटतं, शिर अरुंद झाली की मेंदूला रक्त पोचत नाही आणि लकवा होतो. बहुतेक वेळा तसं नसतं. मेंदूच्या तळाशी चारही धमन्या एका कड्यात जोडलेल्या आहेत, एक अरुंद झाली तर बाकीच्या पुरवठा करतात. खरा घात होतो तो साय फाटल्यावर. आतला माल उघडा पडतो, त्यावर प्लेटलेट चिकटतात, गुठळी जमते आणि तिचे तुकडे प्रवाहाबरोबर वर उडतात. मेंदूकडं जाणाऱ्या शिरेची पहिली मोठी फांदी डोळ्याला जाते. तुकडा तिथं गेला की डोळ्यावर पडदा. विरघळला की पडदा वर. सोमवारी बांधावर हेच झालं. डावी शिर, डावा डोळा. रविवारी तुकडा त्याच शिरेतनं पुढं मेंदूत गेला, म्हणून उजवा हात आणि बोलणं. एमआरआयवर ठिपके उमटलेत म्हणजे नियमानं तो छोटा स्ट्रोकच, लक्षणं वीस मिनिटांत गेली तरी.

आता प्लेटलेट. मराठीत रक्तबिंबिका म्हणतात, पण ते फक्त पाठ्यपुस्तकात. २ ते ३ मायक्रॉनच्या चकत्या, केंद्रक नाही, आयुष्य ७ ते १० दिवस. अस्थिमज्जा रोज साधारण दहा हजार कोटी नव्या बनवते. चांगल्या शिरेचं अस्तर त्यांना सतत दोन रसायनांनी सांगत असतं, पुढं चला, इथं काही काम नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन ही ती दोन. थर बसलेल्या जागी अस्तर आजारी, म्हणून हा निरोप क्षीण. त्यात वाट अरुंद. पाटाचं तोंड अर्धं दाबलं की पाणी जोरात सुटतं ना, तसं रक्त तिथं सुसाट जातं. या जोरात फॉन विलेब्रांड नावाचं एक प्रथिन गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं उलगडतं आणि शिरेच्या भिंतीतल्या उघड्या पडलेल्या कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून धावत्या प्लेटलेटला पकडतं. एकदा पकडली की ती चकती राहत नाही. तिला पाय फुटतात, पोटातनं एडीपी आणि थ्रॉम्बोक्सेन ही रसायनं सोडते, त्या वासानं शेजारच्या जाग्या होतात. पृष्ठभागावर फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) पकडायचे हूक उघडतात आणि एकीला एक गुंफली जाते. पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन आतनं बाहेर येतं आणि पांढऱ्या पेशींनाही ओढून घेतं. याला ऍक्टिव्हेशन म्हणतात. संख्या तेवढीच राहते.

लांबलं. बाकी उद्या.

कणकुंबी_रान | बुधवार, सकाळी ६:२०

डाक्टर, रात्री वाचलो, पहाटे समजलं. मी रानातला माणूस, मध काढतो. मोहोळ केवढं मोठं आहे त्याला कोण घाबरत नाही. हजार माश्या शांत बसलेल्या असल्या तर हाताखालनं जाता येतं. मोहोळ उठलं की मग पन्नास माश्यांपुढंही पळता भुई थोडी. आप्पांचं मोहोळ उठलंय, एवढंच की?

मिरज_ओपीडी | बुधवार, सकाळी ७:०५

एवढंच. हे मी ओपीडीत वापरणार, तुमचं नाव न घेता.

शहापूर_मायक्रोस्कोप | बुधवार, सकाळी १०:३०

मी लॅबमध्ये आहे, अठरा वर्षं झाली. काउंटच्या मशीनला फक्त डोकी मोजता येतात. १.५ ते ४.५ लाख यात असलं की ‘नॉर्मल’ छापलं. कोण झोपलंय, कोण चवताळलंय, ते मशीनला कळत नाही.

ऍक्टिव्हेशन मोजता येतं, फ्लो सायटोमेट्रीनं, म्हणजे लेझरच्या उजेडात एकेक पेशी तपासून. पी-सिलेक्टिन बाहेर आलेल्या प्लेटलेट किती, पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या किती, ते दिसतं. पण भानगड अशी की सुई टोचली, दंडाला पट्टा जरा जास्त वेळ बांधून ठेवला, नळी हलवली, तरी प्लेटलेट जाग्या होतात. आपण मोजायला गेलो म्हणूनच बदललं असं व्हायला वेळ लागत नाही. नमुना घेतल्यावर ठरलेल्या वेळात काम उरकावं लागतं. म्हणून हे संशोधनात चालतं, रोजच्या लॅबमध्ये नाही. कुणी ‘प्लेटलेट ऍक्टिव्हिटी पॅकेज’ विकायला आलं तर आधी विचारा, रिपोर्ट बघून कुठली गोळी बदलणार आहात?

रिपोर्टमधला एमपीव्ही (प्लेटलेटचा सरासरी आकार) बघून लोक फोन करतात, “थोडा वाढलाय, स्ट्रोक होणार का?” नका हो करू तसं. नळीत नमुना किती वेळ पडून होता त्यावरसुद्धा तो हलतो.

पपईबद्दल: डेंग्यूचा आणि याचा काडीचा संबंध नाही. भाऊजींना चहा पाजा, रस गुलाबाला घाला.

उद्यमबाग_लेथ | बुधवार, दुपारी १:१०

भाऊजी चहा पिऊन गेले. रसाची बाटली आईनं फ्रीजमध्ये ठेवलीय, कधी आप्पांच्या पुढं येईल सांगता येत नाही, संध्याकाळी मीच ओतून देतो.

डॉक्टर, त्या तुकड्यांचं एक विचारायचं होतं. तो डोळ्याचा पडदा आम्ही सोमवारीच ओळखला असता तर?

मिरज_ओपीडी | बुधवार, रात्री १०:४५

तर रविवार बहुधा टळला असता. रागानं लिहीत नाही, हे फार जणांचं होतं. डोळ्याच्या दवाखान्यात डोळा बघतात, तिथं मान बघायची सवय लावायला हवी. एकाच डोळ्यापुढं वरनं खाली अंधारी येऊन गेली तर तो मानेचा निरोप असू शकतो, चष्म्याचं दुकान नंतर.

छोट्या झटक्यानंतर मोठा झटका बसायचा असेल तर तो पहिल्या काही दिवसांत बसतो. जुन्या काळच्या आकड्यांत तीन महिन्यांत दहातल्या एकाला, आणि त्यातल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांत. इंग्लंडात ऑक्सफर्डला एक्सप्रेस नावाचा अभ्यास झाला, २००७ साली छापून आला. आधी तिथल्या पेशंटना तपासून गोळ्या गावच्या डॉक्टरांकडनं सुरू व्हायच्या, त्यात दिवस जायचे. मग त्याच दिवशी क्लिनिकमध्येच औषध सुरू करायला लागले. तीन महिन्यांतले स्ट्रोक १०.३ टक्क्यांवरून २.१ वर आले. औषधं नवी नव्हती, फक्त लवकर दिली.

दोन गोळ्या का, याचं उत्तरही यातच आहे. ऍस्पिरिन थ्रॉम्बोक्सेनचा रस्ता बंद करते, क्लोपिडोग्रेल एडीपीचा. एक दार लावून दुसरं उघडं ठेवलं तर मोहोळ दुसऱ्या दारानं उठतं. ज्यांना नुकतीच लक्षणं येऊन गेलीत अशांच्या कवटीवर डॉपलरची पट्टी बांधून बसलं तर मेंदूत जाणारे बारीक तुकडे चक्क ऐकू येतात, प्रत्येक तुकड्याला एक ‘टिक्’. २००५ साली केरेस नावाच्या चाचणीत अशा १०७ लोकांना घेतलं, सगळे अरुंद शिरेचे आणि ताज्या लक्षणांचे, आणि सुरुवातीलाच टिक् ऐकू आलेले. आठवड्यानंतर नुसत्या ऍस्पिरिनवाल्यांत ७२.७ टक्क्यांना अजून टिक् येत होते, दोन्ही गोळ्यांवाल्यांत ४३.८ टक्क्यांना. गोळ्या मोहोळ शांत करतात याचा इतका सरळ कानानं ऐकलेला पुरावा क्वचित मिळतो.

पण दोन्ही जन्मभर नाही. रक्तस्रावाचा धोका चढत जातो. चीनमधल्या चान्स चाचणीत, २०१३ साली, ५,१७० लोकांवर पहिले २१ दिवस दोन्ही आणि मग एकच असं केलं. तीन महिन्यांत स्ट्रोक ११.७ ऐवजी ८.२ टक्के. मानेची शिर इतकी अरुंद असली की डॉक्टर मुदत थोडी वेगळी ठेवतात. कधी कुठली थांबवायची ते कागदावर लिहून घ्या.

मेडिकल_खडेबाजार | गुरुवार, सकाळी ९:१५

दुकानात रोज बघतोय म्हणून लिहितोय. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती औषध नसतेच. यकृतातलं सीवायपी२सी१९ नावाचं एन्झाइम तिला औषध बनवतं. आपल्या भारतीय लोकांत हे एन्झाइम कमजोर असणारे बरेच आहेत, त्यांना गोळीचा गुण कमी लागतो. आणि वर आपली सवय, कुठलीही गोळी घेतली की बरोबर ‘गॅसची गोळी’. ओमेप्राझोल आणि ईसोमेप्राझोल हेच एन्झाइम अडवतात. पोटासाठी काही लागणारच असेल तर डॉक्टरांना विचारून पॅन्टोप्राझोल घ्या. गॅसची गोळी कधीपासून चालू आहे ते डॉक्टरांना लोक सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

गुडघेदुखीची इबुप्रोफेनही ऍस्पिरिनच्या आधी घेतली तर ऍस्पिरिनची जागा अडवून बसते. हे पण सांगून ठेवतो, लावणीच्या दिवसांत पेनकिलर शेंगदाण्यासारख्या खपतात.

धामणे_रोड | गुरुवार, सकाळी ११:४०

आमच्या मामांजींची गोष्ट. पाच वर्षं ऍस्पिरिनवर ठणठणीत. दाढ काढायची ठरली, कुणीतरी ओळखीच्यानं सांगितलं, रक्त थांबणार नाही, गोळी बंद करा. स्वतःच बंद केली. दाढ निघाली, बरं वाटलं, गोळी परत सुरू करायचं विसरले. अकराव्या दिवशी उजवी बाजू गेली. आता काठीनं चालतात, पण बोलणं नाही आलं परत.

डॉक्टर, हे गोळी बंद केल्यामुळंच झालं का?

मिरज_ओपीडी | गुरुवार, दुपारी २:३०

एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही, पण तारखा बोलतात. ऍस्पिरिन प्लेटलेटला आयुष्यभरासाठी बधिर करते, आणि प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवस. गोळी थांबवली की रोज नव्या, न बधिरलेल्या प्लेटलेट रक्तात उतरतात. दहा दिवसांत सगळी फौज नवी. साध्या दाढेसाठी ऍस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही, दंतवैद्य कापसाचा बोळा दाबून किंवा टाका घालून रक्त आवरतात. थांबवायचीच असेल तर ज्यांनी दिली त्यांना विचारून.

निपाणी_वखार | गुरुवार, रात्री ८:५०

माझी आई तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत होती. बिडी नाही ओढत, पण मिश्री दिवसातनं चार वेळा. मी किती सांगितलो, ऐकत नाही. “धूर नाही की बाई, मग शिरंला काय होतंय?” म्हणतीया. निपाणीत तंबाखूवर बोललं की लोक अंगावर येतात, सगळ्यांचं पोट त्याच्यावर गेलंय. डॉक्टर, मिश्रीनं पण होतं का?

मिरज_ओपीडी | गुरुवार, रात्री ९:२०

धुराचं नुकसान जास्त. धुरातले घटक अस्तर जाळतात आणि प्लेटलेट चिकट करतात. पण न धुराच्या तंबाखूचाही स्ट्रोकनं मरण्याशी संबंध अभ्यासांत दिसलाय, आपल्या आशियातल्या लोकांतसुद्धा. निकोटीन हिरड्यांतनं रक्तात जातं, नाडी आणि प्रेशर वाढवतं. आईला एकदम सोडा म्हणू नका, त्या ऐकणार नाहीत. चारची तीन करा, सकाळची शेवटी ठेवा, ती सगळ्यांत अवघड जाते.

अनगोळ_नाका | गुरुवार, रात्री ११:०५

हे सगळं इंग्रजी औषधवाल्यांचं. आमच्या गावात लकव्याला कबुतराचं ताजं रक्त चोळतात, माझ्या चुलत्याला तीन दिवसांत फरक पडला.

कणकुंबी_रान | शुक्रवार, सकाळी ६:१०

आप्पांना वीस मिनिटांत फरक पडला, ते पण कबुतर न मारता.

मिरज_ओपीडी | शुक्रवार, सकाळी ७:३०

कणकुंबीकरांनी माझं काम केलं. थोडी भर: गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. खानापूरच्या पलीकडच्या एखाद्या वाडीतनं शहरात यायलाच दीड तास जातो. तो वेळ मालिशवाल्याच्या दारात गेला तर संपलं. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली, यातलं एक दिसलं तरी १०८ लावा, किती वाजता सुरू झालं ते घड्याळात बघून ठेवा. आणि वाटेत ‘रक्त पातळ व्हावं’ म्हणून ऍस्पिरिन कोंबू नका. तो झटका रक्तस्रावाचाही असू शकतो, सीटी स्कॅन केल्याशिवाय बाहेरनं ओळखू येत नाही.

न्हाव्याकडं चंपी झाल्यावर मान कटकन मोडून घ्यायची हौस असेल तर तीही सोडा. त्या झटक्यानं शिरेचं आतलं अस्तर फाटू शकतं, तरुण माणसाचंसुद्धा. मग फाटलेल्या जागी प्लेटलेट काय करतात ते आता तुम्हाला पाठ झालंय.

खडेबाजार_पोर | शुक्रवार, सकाळी १०:००

मी दर रविवारी मान मोडून घेतो. घ्यायचो.

टिळकवाडी_वैनी | शुक्रवार, दुपारी ३:४५

ऑपरेशनबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. माझ्या सासूबाईंचं दोन वर्षांपूर्वी झालं, कोल्हापूरला. वय ७१, डावीच शिर, ८० टक्के.

मानेवर जबड्याखाली तिरपा चार बोटांचा छेद. शिर चिमट्यानं दोन्हीकडून बंद करतात, उघडतात, आतला थर सोलून काढतात आणि पट्टी लावून शिवतात. तेवढ्या वेळापुरती मेंदूला रक्त जायला तात्पुरती नळी घालतात, काही ठिकाणी लागली तरच. आम्ही बाहेर अडीच तास बसलो होतो, त्यात मी तीन वेळा चहा घेतला आणि एकदाही संपवला नाही.

नंतर काय काय झालं ते सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि घाबरलो होतो. आवाज तीन आठवडे घोगरा. जीभ बाहेर काढली की एका बाजूला जायची, महिन्यानं सरळ झाली. कानाच्या पाळीजवळचा भाग अजून बधिर, कुंडल घालताना त्यांना कळत नाही. पहिले चार दिवस प्रेशरवर डोळ्यात तेल घालून लक्ष. अरुंद वाट एकदम मोकळी झाली की मेंदूला रक्ताचा लोंढा सोसत नाही, प्रचंड डोकं दुखायला लागलं तर लगेच सांगा, असं परिचारिकेनं बजावलं होतं. त्यांना तसं काही झालं नाही.

सर्जनना एक प्रश्न विचारा: आजवर किती केलीत, आणि त्यातल्या किती जणांना ऑपरेशनमुळंच स्ट्रोक झाला? मी विचारला तेव्हा नवरा लाजेनं लाल झाला. डॉक्टर रागावले नाहीत, वही काढून दाखवली.

मिरज_ओपीडी | शुक्रवार, रात्री १०:१०

वैनींचा प्रश्न अगदी योग्य. लक्षणं आलेल्या पेशंटमध्ये स्ट्रोक किंवा मृत्यू शंभरात सहापेक्षा कमी असेल तरच ऑपरेशनचा फायदा उरतो.

आत्याबाईंना दाखवायला आकडे: १९९१ साली नॅसेट नावाच्या अमेरिका-कॅनडाच्या चाचणीत ७० टक्क्यांहून जास्त अरुंद शिर आणि ताजी लक्षणं असलेले लोक घेतले. दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक नुसत्या औषधवाल्यांत २६ टक्के, ऑपरेशनवाल्यांत ९. तेव्हाची औषधं आजच्या इतकी जोरदार नव्हती, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) सर्रास नव्हतं, हेही खरं. म्हणून फरक आज थोडा कमी असेल. पण तारखेचा मुद्दा तसाच राहतो. दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर एक स्ट्रोक टाळायला पाच ऑपरेशनं लागतात, बारा आठवड्यांनंतर केलं तर १२५. याचं कारण तुम्ही मंगळवारपासून वाचताय. फाटलेली साय हळूहळू बुजते, मोहोळ निवतं, आणि ज्यांना पुन्हा झटका बसायचा त्यांना तोवर बसून गेलेला असतो. आप्पांचं ऑपरेशन रविवारच्या झटक्यापासून अकराव्या दिवशी. योग्य आहे.

स्टेंटचा, म्हणजे शिरेत जाळीची नळी बसवायचा पर्याय आहे. २०१० च्या क्रेस्ट चाचणीत स्टेंटवाल्यांना आसपासच्या दिवसांत स्ट्रोक जास्त, ४.१ विरुद्ध २.३ टक्के, आणि ऑपरेशनवाल्यांना हार्ट अटॅक जास्त, २.३ विरुद्ध १.१. सत्तरीपुढं तराजू ऑपरेशनकडं झुकतो.

रिटायर्ड_चिकोडी | शनिवार, सकाळी ९:००

माझं चेकअप पॅकेजमध्ये डॉपलर झालं, उजवी शिर ५० टक्के. काही त्रास नाही. मी पण ऑपरेशन करू काय? मुलगा पुण्याला बोलवालाय.

मिरज_ओपीडी | शनिवार, सकाळी ९:४०

नको. तुमची गोष्ट वेगळी. लक्षणं न देणारी शिर आणि लक्षणं देऊन गेलेली शिर, टक्केवारी सारखी असली तरी वागणं सारखं नसतं. ताज्या लक्षणवाल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींना चिकटलेल्या प्लेटलेट जास्त सापडतात, तुमच्यासारख्यांत कमी. आजच्या औषधांवर अशा गप्प शिरेचा स्ट्रोकचा धोका वर्षाला साधारण एक टक्का. प्रेशर, स्टॅटिन, शुगर सांभाळा, तंबाखू असेल तर सोडा, ऍस्पिरिन घ्यायची का ते तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. पुण्याला नातवंडं बघायला जा.

जांबोटी_एसटी | शनिवार, सकाळी ११:२०

खर्चाचं काय? आमच्याकडं दोन-दोन योजना आणि पेशंट बिल भरतोय. २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लावली, इकडं आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक. कुठं काय चालतं कुणाला पत्ता नाही.

मेडिकल_खडेबाजार | शनिवार, दुपारी १२:००

दवाखान्यात गेल्यावर बिल झाल्यानंतर नाही, भरती व्हायच्या आधी कौंटरवर विचारा, या ऑपरेशनला कुठलं कार्ड चालतं? आधार, रेशन कार्ड, दोन्हीकडचे कागद पिशवीत ठेवा.

सीमाबांधव_५६ | शनिवार, दुपारी १२:२५

फॉर्म कानडीत देतात, मराठी माणसानं सही कशावर करायची? १९५६ पासून...

कट्टा_संपादक | शनिवार, दुपारी १२:४०

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, ११०० प्रतिसाद झालेत, तिथं भर घाला. इथं आप्पांच्या मानेवर बोलूया.

उद्यमबाग_लेथ | पुढचा रविवार, संध्याकाळी ७:३०

मंडळी, गुरुवारी ऑपरेशन झालं, आज घरी आलो. आवाज घोगरा आहे, वैनींनी आधी लिहिलं होतं म्हणून आई घाबरली नाही. जीभ सरळ.

सर्जननी काढलेला थर छोट्या बाटलीत दाखवला. पिवळट, बोटाच्या पेराएवढा, मधे खड्डा पडलेला, आणि खड्ड्यात काळपट लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे जमलेली गुठळी, इथनंच तुकडे जात होते, म्हणाले. आप्पांनी बाटली उजेडाकडं धरून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, “भट्टीच्या तोंडाला मळी धरते, तसंच की. आम्ही रोज सळईनं खरवडायचो.” आणि मग सर्जनकडं बघून, हळूच, “ह्यात बिडीचं किती?” डॉक्टर म्हणाले, अर्धं धरा. त्यांनी आकडा हवेतनं काढला असणार, पण आप्पा गप्प झाले.

आत्याला नॅसेटचे आकडे वाचून दाखवले. “एवढं आकडं कोण लक्षात ठेवतंय, माझ्या भावाला बोलता येतंय ना,” म्हणाली.

गोठ्यामागं वीटेखाली दोन बंडलं सापडली. आईनं चुलीत घातली.

शेवटचा प्रश्न आप्पांचा, त्यांनीच लिहायला सांगितलाय: नोव्हेंबरात कापणीला जाता येईल का?

मिरज_ओपीडी | रविवार, रात्री ९:०५

जाऊ दे. बांधावर बसून कामाला लावा म्हणावं, भारे पोरांनी उचलायचे. गोळी सकाळी नाश्त्यानंतर, शेतावर जाताना डबी खिशात.

कणकुंबी_रान | सोमवार, सकाळी ६:१५

आप्पांना मध पाठवतो. शुगर काठावर आहे म्हणालात, म्हणून छोटी बाटली.

उद्यमबाग_लेथ | सोमवार, सकाळी ८:१०

दादा, मोठीच पाठवा. आप्पांना एक चमचा, बाकी आम्ही खातो.